बाहेरून लावलेली कडी: घरातल्या दिव्यांग भावाचे हाल होत असतील तर

प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ 36 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं). बोलणं अस्पष्ट, समज मात्र पूर्ण. वडील आधीच गेलेले, आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो तासगाव तालुक्यातल्या घरी दादा-वहिनीच्या हाताखाली. लग्न होऊन ठाण्यात राहणाऱ्या बहिणीला दर खेपेला तो आणखी वाळलेला दिसतो. दादा-वहिनी द्राक्षबागेत गेले की खोलीला बाहेरून कडी. व्हीलचेअर ‘येता-जाता अडचण होते’ म्हणून माळ्यावर. पेन्शनचं पासबुक दादाकडे. आणि आता दोघा भावंडांनी हक्कसोडपत्र (वारशातला आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून द्यावं म्हणून घाई सुरू आहे. बहिणीचा प्रश्न: पोलिसात जाऊ, की त्याला एखाद्या संस्थेत ठेवू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दादा काय म्हणाला ते त्यात आहे, वहिनीचं म्हणणं आहे, मामांचा सल्ला आहे, शेजारच्या काकूंनी कानात सांगितलेलंही आहे. भावाचं स्वतःचं मात्र एकही वाक्य नाही. तुम्हाला बोल लावत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रं अशीच असतात. ज्याच्यावरून सगळं चाललंय त्याला सोडून गावाला विचारून झालेलं असतं. म्हणून पोलीस की संस्था हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. जिवाला आजच धोका असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर पुढे लिहिते.

माझीच एक चूक सांगते. या कामात नवीन होते तेव्हा चाळिशीच्या एका बाईंबद्दल तक्रार आली. बौद्धिक दिव्यांगत्व होतं, भावजय मारते असं शेजाऱ्यांचं म्हणणं. दंडावर वळ होतेच. आम्ही पोलीस घेऊन गेलो, तासाभरात त्यांना गाडीत बसवलं आणि परजिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत पोहोचवलं. मला वाटलं, सुटका केली. बाईंनी चार दिवस अन्नाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी कळलं की घरी त्यांच्या दोन शेळ्या होत्या, त्या दोन वर्षांपासून त्याच राखत होत्या, आणि ‘शेळ्यांना कोण सोडणार’ एवढंच त्या रडून विचारत होत्या. मार थांबवायला हवाच होता. पण त्यांना त्यांच्या घरातून उचलून नेणं हा त्यावरचा उपाय मी ठरवला होता, त्यांनी नाही. मारणारी घरात राहिली आणि मार खाणारी घराबाहेर गेली. तेव्हापासून गाडी काढायच्या आधी मी जमिनीवर बसून बोलते.

तुम्हीही तसंच करा. पुढच्या खेपेला राखी-भाऊबीज असं निमित्त धरून जाऊ नका, त्या दिवशी घर आवरलेलं असतं आणि भावाला नवा शर्ट घातलेला असतो. साध्या कामाच्या दिवशी, सकाळी जा. दुपारपर्यंत थांबा. वहिनीला म्हणा, आज त्याचं सगळं मी करते, तुम्ही निवांत बागेत जाऊन या. त्याला आंघोळ तुम्ही घाला, किंवा तुमच्या मिस्टरांना घालू द्या. आंघोळीत कळतं ते गप्पांत कळत नाही. माकडहाडावर, टाचांवर, खुब्याच्या हाडावर कातडी लाल-काळी पडलीय का, जखम आहे का. मनगटावर बांधल्याचे वण आहेत का. नखं किती वाढलीत. जांघेत ओलीने चट्टे आलेत का.

आणि पाणी बघा. ही गोष्ट बाहेरच्याच्या लक्षात येत नाही. ज्याला लघवीला उचलून न्यावं लागतं, त्याला पाणीच कमी द्यायचं, म्हणजे उचलायच्या खेपा कमी, असा हिशोब कितीतरी घरांत बिनबोभाट चालतो. कुणी मारत नाही, ओरडत नाही. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, की संध्याकाळपर्यंत काही नाही. तांब्या खोलीत असतो, पण कोनाड्यात, त्याच्या हाताच्या वीतभर पुढे. एका घरात मी तो तांब्या उचलला तर पाण्यावर धूळ बसलेली होती. लघवी गडद, उग्र वासाची, ओठ सुकलेले, पोट दगडासारखं घट्ट, असं दिसलं तर समजा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 92 मध्ये हे शब्दाने आलंय: जिच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे तिने जाणूनबुजून अन्न किंवा पातळ पदार्थ नाकारले तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी असं घर आतून पाहिलं असणार, असं मला हे कलम वाचताना नेहमी वाटतं. त्याच कलमात दिव्यांग व्यक्तीच्या साहाय्यक साधनाला नुकसान पोहोचवणं किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणं हाही तेवढ्याच शिक्षेचा गुन्हा आहे. माळ्यावरची व्हीलचेअर त्यात बसते. वहिनीला ती अडगळ वाटते, भावाचे ते पाय आहेत.

वजन उतरलंय म्हणजे उपाशीच ठेवतात, असं मात्र लगेच ठरवू नका. सेरेब्रल पाल्सीत वाढत्या वयात अनेकांना गिळणं अवघड होत जातं. आई पाऊण तास बसून एकेक घास भरवत असणार. वहिनी दहा मिनिटांत दूध-चपाती कालवून संपवत असेल. ठसका लागतो, मग तोच तोंड मिटून घेतो, मग ‘जेवतच नाही’. दाढ दुखत असेल, बद्धकोष्ठता असेल. म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन तपासणी करा, वजन केसपेपरवर लिहून घ्या, गिळण्याबद्दल मुद्दाम विचारा. अंगावर जखम असेल तर मारहाणीचा संशय डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते मेडिको-लीगल नोंद (पोलिसांना कळवली जाणारी नोंद) करतील. सहा आठवड्यांनी पुन्हा वजन. कागदावरच्या दोन आकड्यांसमोर ‘तुम्हाला उगाच तसं वाटतं’ हे वाक्य टिकत नाही.

आता त्याच्याशी बोलणं. तो बोलतो हळू, आणि आपल्याला घाई असते. म्हणून आपण त्याचं वाक्य आपणच पुरं करतो. तसं करू नका. होय-नाहीची खूण त्याच्याकडूनच ठरवून घ्या: डोळे वर म्हणजे होय, मान डावीकडे म्हणजे नाही, जे त्याला जमेल ते. एका पुठ्ठ्यावर मोठी बाराखडी आणि दहा-बारा चित्रं (घर, फोन, खुर्ची, पैसे, दादा, वहिनी, ताई, दुखणं, भीती) काढून न्या. एका वेळी एकच प्रश्न. आणि प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न उलटाही विचारा. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून घास खाणाऱ्याला हो म्हणायची सवय लागलेली असते. ‘तुला इथंच राहायचंय?’ हो. थोड्या वेळाने ‘तुला दुसरीकडे राहायचंय?’ त्यालाही हो आलं, तर त्याने अजून उत्तर दिलेलं नाही एवढंच समजा. हे दारामागे कुणी नसताना करा. फोनवर करू नका. फोन कुणीतरी धरलेला असतो.

तो कदाचित असं काही म्हणेल जे तुम्हाला आवडणार नाही. म्हणेल, इथंच राहतो, फक्त कडी काढा आणि खुर्ची खाली आणा. म्हणेल, वहिनी चांगली आहे, दादा वाईट. म्हणेल, ठाण्याला नको, तिसऱ्या मजल्यावर माझं काय. त्याची समज पूर्ण आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ते ऐकावं लागेल. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर थोरला भाऊ आपोआप कुणाचा पालक होत नाही. ‘मीच त्याचा गार्डियन’ हे दादाचं वाक्य कागद दाखवल्याशिवाय मानू नका. सेरेब्रल पाल्सी ही नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 (काही ठरावीक दिव्यांगत्वांसाठीचा केंद्राचा कायदा) मध्ये येते, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज होऊ शकतो. दादाने तो केला असेल तर लेखी हरकत घ्या. आधीच पालक नेमलेला असेल तर त्याने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब त्या समितीला द्यायचा असतो. तो हाल करत असेल किंवा मालमत्ता खात असेल तर कलम 17 खाली नातेवाईक त्याला हटवायचा अर्ज करू शकतात. तुम्ही स्वतः पालक होण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ज्याला मदत हवी आहे त्याचा सहीचा हक्क काढून घेणं ही मदत नव्हे.

वहिनीबद्दल दोन शब्द, तुम्हाला पटणार नाहीत बहुधा. पंचेचाळीस-पन्नास किलोच्या पुरुषाला दिवसातून चार वेळा उचलायचं, त्याची शी-शू काढायची, दिराची, आणि मग बागेत डिपिंग-थिनिंगला (घड औषधात बुडवायला आणि विरळ करायला) जायचं. हे काम दादाने आपल्या अंगावर घेतलं आणि बायकोच्या हाताने केलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. भावालाही विचारलं नव्हतं की वहिनीच्या हातून हे चालेल का. दोघांची लाज रोज सकाळी त्या न्हाणीघरात चुरगळली जाते. बऱ्याच घरांत कडवटपणाची सुरुवात तिथून होते. याने कडी माफ होत नाही, तहान तर मुळीच नाही. पण हाल थकव्यातून होतायत की लोभातून, हे ओळखावं लागतं, कारण उपाय वेगळे आहेत. थकलेल्या माणसाला हात मिळाला की तो सुधारतो: सकाळ-संध्याकाळ तासभर येणारा गावातलाच एखादा पोरगा, चाकांची कमोड-खुर्ची, वर्षातून दोनदा पंधरा दिवस ताईकडे. लोभ असेल तर तो पोरगा दुसऱ्याच आठवड्यात ‘नको, आमचं आम्ही बघतो’ म्हणून परत पाठवला जातो. ही माझी जुनी परीक्षा आहे. घरात बाहेरचा माणूस येऊ द्यायला ठाम नकार मिळाला की माझे कान उभे राहतात.

तुमच्या घरात दोन्ही दिसतंय. हक्कसोडपत्राची घाई थकव्यातून येत नाही.

जमिनीचं आधी बघा, कारण तिथं तारखा चालतात. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 28 नुसार आजार, व्यंग यांमुळे कुणाचाही वारसा जात नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः करण्याचा त्याचा हक्क सांगतं. आणि आधार देणाऱ्याचे आणि त्याचे हितसंबंध आड येत असतील तर त्या व्यवहारात आधार देणाऱ्याने बाजूला राहायचं, असंही सांगतं. म्हणजे दादाने त्याचा अंगठा धरून आपल्याच नावाने हक्क सोडून घेणं यात बसत नाही. सातबारावर तिघांची वारसनोंद झालीय का बघा. दस्त नोंदवायला दुय्यम निबंधक आजारी-अपंगांच्या घरीही येऊ शकतात, तेव्हा ‘त्याला कुठं नेणार ऑफिसात’ म्हणून निर्धास्त राहू नका. त्या कार्यालयात आधीच एक पत्र द्या. नुसत्या पत्रावर ते दस्त अडवणार नाहीत, पण दस्त करून देणाऱ्याला समजून-उमजून विचारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे, आणि पत्र दप्तरी असलं की ते नीट विचारतात. दस्त झालाच असेल तर फेरफाराच्या (सातबारावर नाव बदलण्याच्या नोंदीच्या) नोटिशीवर मुदतीत हरकत नोंदवा. मग तो वादग्रस्त होऊन सुनावणीला लागतो.

इथं एक कटू गोष्ट. त्याच सातबारावर तुमचंही नाव आहे. तुम्ही तोंड उघडलंत की गाव म्हणेल, ताईला दोन वर्षांनी भाऊ आठवला तो वाट्यासाठी. याचं उत्तर आताच तयार ठेवा. तुमच्या वाट्याचं काय करायचं ते भावाच्या तक्रारीत मिसळू नका, त्या अर्जात तुमच्या हिश्श्याचा शब्दही नको. आणि भावाने हक्कसोड करू नये असं तुम्हाला वाटत असेल तरी शेवटचा शब्द त्याचा. त्यासाठी त्याला वकील हवा, तुमचा नव्हे, त्याचा स्वतःचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन केला तरी चालतो.

मनावर एक ठसवून घ्या, त्याच्याही मनावर. तो दादाच्या उपकारावर जगत नाही. आईच्या मागे बागेत तिसरा हिस्सा त्याचा, घरातही. दादा त्याला घरात ठेवतो हे जितकं खरं, तितकंच दादा त्याच्या घरात राहतो हेही.

पेन्शनचं: संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्याच्याच खात्यात येतात. दरमहा दीड हजार मिळायचे, 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ते अडीच हजार केले. काढतं कोण? बहुतेकदा गावातला बँक मित्र मशीन घेऊन दारात येतो, अंगठा टेकवला की पैसे, आणि ते पैसे कुणाच्या हातात पडले हे मशीनला कळत नाही. बँकेत जाऊन त्याच्या समक्ष पासबुक छापून घ्या, खात्याला त्याचा मोबाइल नंबर जोडा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं ते त्याला दाखवा. पुढे पैसे कशावर खर्च व्हावेत हे तो सांगेल. एकाने मला पुठ्ठ्यावरून सांगितलं होतं, पहिल्या महिन्याच्या पैशांतून त्याला कलिंगड हवं होतं, अख्खं, कापून वाटलेलं नको.

आता मुख्य दार. लोक पोलीस ठाण्यात जातात, तिथं ‘घरचं प्रकरण आहे, आपसात मिटवा’ ऐकतात आणि परत येतात. खरं दार तहसील कचेरीत आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली हिंसा, छळ किंवा शोषण झालं, होतंय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कुणीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. तालुक्यात तहसीलदार हेच कार्यकारी दंडाधिकारी असतात. त्यांनी लगेच पावलं उचलायची असतात. ते सुटकेचा आदेश देऊ शकतात, पोलिसांना किंवा दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला सुरक्षित ठेवण्याचं आणि पुनर्वसनाचं काम देऊ शकतात, निर्वाहाचा आदेश देऊ शकतात. संरक्षणात्मक ताब्याचा आदेशही देतात, पण त्या कलमात अट घातलीय: त्या व्यक्तीची तशी इच्छा असेल तर. तुमच्या पत्रात जे नाही ते कायद्यात आहे.

अर्ज एका पानाचा करा. वर ‘मा. कार्यकारी दंडाधिकारी तथा तहसीलदार’ आणि विषयात ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 7 अन्वये’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर दिव्यांग हा शब्द वाचून आवक खिडकीवरचा कारकून तो संजय गांधी शाखेत ढकलतो आणि पंधरा दिवसांनी तुम्हाला ‘लाभ आधीच मंजूर आहे’ असं उत्तर येतं. माझ्या डोळ्यांदेखत झालंय. पानभर रडगाणं नको, तारखा हव्यात: अमुक दिवशी सकाळी दहा ते चार बाहेरून कडी, समोर तांब्या हाताबाहेर, वजन इतकं, व्हीलचेअर अमुक महिन्यापासून माळ्यावर. सोबत केसपेपर, फोटो (त्याला विचारूनच काढलेले) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). शेवटी काय हवं ते नेमकं मागा. त्याला घरीच राहायचं असेल तर मागणी अशी: कडी लावू नये, खुर्ची परत द्यावी, ठरलेल्या दिवशी सामाजिक कार्यकर्त्याची भेट, बागेतल्या त्याच्या हिश्श्याच्या उत्पन्नातून मदतनीस, आणि तहसीलदारांनी त्याचं म्हणणं घरच्यांच्या गैरहजेरीत ऐकावं. अर्जाखाली तुमची सही, आणि त्याची इच्छा असेल तर त्याचा अंगठा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पोलीस कधी? जखम, मारहाण, लैंगिक छळ, दोन दिवस अन्नपाणी नाही, आत्ता कोंडलेला आहे, अशा वेळी आधी 112 हा आपत्कालीन नंबर, तहसीलदार नंतर. कलम 92 चे गुन्हे दखलपात्र आहेत, माणसाला कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. ‘आपसात मिटवा’ म्हणाले तर कलम 7 चं चौथं पोटकलम छापून न्या आणि टेबलावर ठेवा: तक्रार आल्यावर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा तपशील, जवळच्या पुनर्वसन संस्थेचं नाव, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आणि तक्रार करण्याचा हक्क, हे पोलिसांनीच सांगायचं असतं. जबाबासाठी त्याला ठाण्यात बोलावता येत नाही, तो राहतो तिथं जाऊन घ्यावा लागतो. पण तो दादा समोर असताना घेतला तर त्याला काही अर्थ नाही, हे आधी बोलून ठेवा.

भावाच्या जागी बहीण किंवा मुलगी असती तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 हाताशी होता, संरक्षण अधिकारी, 181 ही महिला हेल्पलाइन, घरात राहण्याच्या हक्काचा आदेश, सगळं. मानसिक आजार असता तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 101 खाली पोलीस ठाणेप्रमुखांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

संस्थेचा विचार शेवटी. नॅशनल ट्रस्टच्या समर्थ आणि घरौंदा या निवासी योजना आहेत, खासगी संस्थाही आहेत, जागा थोड्या असतात. त्याला जायचं असेल तर आधी चार दिवस राहून बघू द्या, त्यालाच खोली, जेवण आणि संडास दाखवा. ज्या संस्थेला तुम्ही न सांगता जाऊन भेटणं चालत नाही, तिथं ठेवू नका. तीही एक बाहेरून लावलेली कडीच.

जाताना दोन गोष्टी सोबत न्या: वाकणाऱ्या लांब नळीची पाण्याची बाटली, जी पलंगाच्या कडेला बांधता येते आणि कुणाला हाक न मारता तो पिऊ शकतो, आणि तो पुठ्ठा. पुठ्ठा तिथंच ठेवून या. परत आलात की त्याने काय सांगितलं ते मला कळवा, त्याच्याच शब्दांत.